रडार म्हणतं जागा मोकळी, ड्रिल म्हणतं सळई : स्लॅब स्कॅनिंगमधला नेहमीचा घोळ

"साहेब, लोखंड लागायलंय."

कोअर मशीनवरच्या मामांनी दांडा सैल सोडला आणि माझ्याकडं बघितलं. आवाजावरून मलाही कळलंच होतं. काँक्रीट कापताना मशीन एका सुरात घरघरत असतं. सळई लागली की सूर चढतो, मशीन थरथरायला लागतं आणि वर येणाऱ्या करड्या राडीत बारीक चमचमता कीस दिसतो. छत्रपती संभाजीनगरातली एक तीन मजली इमारत, नव्या स्वच्छतागृहाच्या ११० मिमी पाइपसाठी १२७ मिमीची कोअर (स्लॅबमधून आरपार कापायचं गोल भोक), आणि सकाळपासूनची ही तिसरी जागा. तिन्ही ठिकाणी खुणा माझ्याच. रडारनं (काँक्रीटमध्ये लहर सोडून सळया शोधणारं मशीन) दाखवलेल्या दोन सळयांच्या बरोब्बर मधोमध काढलेल्या.

मालकाचा माणूस म्हणाला, "मशीन एकदा सर्व्हिसिंगला टाका की." लातूर, नांदेड, बीड, कुठूनही या कामातल्या कुणाचा फोन आला तरी पहिलं वाक्य हेच असतं: मशीन चुकीचं दाखवायलंय. माझा अनुभव उलटा आहे. मशीन बिघडलं की शक्यतो ते काहीच दाखवत नाही. जे मशीन स्वच्छ, ठळक चित्र दाखवून चुकतं, ते आपण चुकीचं सांगितल्यामुळं चुकत असतं.

म्हणून ड्रिल सळईवर गेलं की सेटिंग बदलायच्या आधी एक काम करा. चूक मोजा. किती मिलिमीटर चुकलं, कोणत्या बाजूला चुकलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या जागी ते तेवढंच चुकलं की कमी-जास्त. हे तीन आकडे वहीत आले की निम्मं निदान झालं. चूक सगळीकडं सारखी असेल तर तिचं कारण एक असतं, अंतराबरोबर वाढत असेल तर दुसरं, आणि कशाचा कशाला मेळ नसेल तर तिसरंच.

चूक सगळीकडं सारखी

त्या दिवशी तिन्ही अर्धवट भोकांतले गाभे फोडून बाहेर काढले आणि टॉर्च मारून बघितलं. तिन्हीत सळई एकाच बाजूला, भोकाच्या मध्यापासून १८ ते २० मिमीवर. सळया १५० मिमी अंतरावर होत्या, म्हणजे मधोमध काढलेल्या खुणेपासून सळई ७५ मिमीवर असायला हवी. ती १८ वर सापडली, म्हणजे खूण साधारण ५७ मिमी सरकलेली. तिन्ही ठिकाणी तेवढीच, आणि तिन्ही ठिकाणी एकाच दिशेला.

असं दिसलं की रडार सोडा आणि टेप हातात घ्या. आम्ही स्कॅन खालून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या छताकडून केलं होतं, कारण वर मसाल्याच्या जाड थरावर शहाबादी फरशी होती. खुणा खालच्या भिंतीपासून मोजल्या आणि वर जाऊन वरच्या भिंतीपासून तेवढंच अंतर टाकलं. खालची भिंत ९ इंची, म्हणजे २३० मिमी. वरची साडेचार इंची, ११५ मिमी. दोन्हींचा मध्य एकच, पण आतली बाजू मात्र (२३० − ११५) ÷ २ म्हणजे साडेसत्तावन्न मिमीनं सरकलेली. रडारनं काडीची चूक केली नव्हती. वीस वर्षं टेप वापरणाऱ्या माणसानं, म्हणजे मी, भिंतीवर भरवसा ठेवला होता.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे आरसा-घोळ. छताकडं तोंड करून उजवी-डावी लिहिली आणि वर जाऊन फरशीकडं बघत तीच उजवी-डावी धरली की सगळा नकाशा उलटा होतो. यात चूक प्रत्येक जागी वेगळी निघते, पण नकाशा आरशात धरला की चपखल बसते. म्हणून आमच्या वहीत आता डावं-उजवं हा शब्दच नाही. "जिन्याकडं", "रस्त्याकडं", नाहीतर सरळ पूर्व-पश्चिम.

दोन्हींवर उपाय एकच आहे आणि तो फुकटातला आहे. दोन सळयांच्या मध्ये खात्रीच्या जागी ६ किंवा ८ मिमीच्या लांब बिटानं एक आरपार भोक मारायचं आणि दोन्ही बाजूंची सगळी मापं त्या भोकापासून घ्यायची. एकच भोक असलं तर जागा कळते, दिशा कळत नाही. म्हणून मोठं काम असेल तर दोन भोकं मारा आणि त्यांना जोडणारी रेषा दोरी टाकून आखा. मालक कुरकुर करतो, "आणखी एक भोक कशाला?" त्याला तीन अर्धवट कोअरचे फोटो दाखवायचे. माझ्या मोबाइलमध्ये आहेत.

चूक लांब जाईल तशी वाढते

स्कॅन सुरू केलं तिथं सगळं बरोबर, पण तीन मीटर पुढं गेल्यावर सळया सरकलेल्या. हे चाकाचं काम. रडारला आपण कुठपर्यंत आलो हे त्याच्या मोजणीच्या चाकावरून कळतं. चाकाला मसाल्याची राड चिकटली तर त्याचा घेर वाढतो आणि अंतर कमी मोजलं जातं. धुळीवर चाक घसरलं तरी तेच. छताला उलटं धरून चालवताना एका क्षणाला हात ढिला पडतो, चाक हवेत राहतं आणि तेवढं अंतर गायब होतं.

तीन टक्क्यांची चूक ऐकायला काहीच वाटत नाही. पण तीन मीटरला ती ९० मिमी होते. सळया १५० वर असल्या तर ९० मिमी म्हणजे पलीकडचा गाळा. तुम्ही मोकळ्या जागेवर केलेली खूण सरळ सळईच्या अंगावर जाऊन बसते.

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी त्याच पृष्ठभागावर २ मीटर टेप लावून चाक चालवा. पडद्यावर २.०० च यायला हवं. १.९६ आलं तर चाक धुवा, पुसा, पुन्हा चालवा, तरीही नाही जमलं तर कॅलिब्रेशन करा. आणि ज्या पृष्ठभागावर काम आहे तिथंच करा. ऑफिसच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर केलेलं कॅलिब्रेशन खडबडीत छतावर चालत नाही. धूळ असेल तर आधी झाडू मारा. उन्हाळ्यात दोन-दोन दिवस वारं सुटलं की आमच्याकडं गच्चीवर इतकी माती येते की पाऊल उमटतं.

याहून बरी सवय म्हणजे लांबलचक ओळीच्या भरवशावर खूण न करणं. बहुतेक मशीनमध्ये मागं ओढलं की पडद्यावरची रेघही मागं सरकते. सळईची कमान दिसली की थांबा, मशीन हळू मागं घ्या, रेघ कमानीच्या माथ्यावर आणा आणि तिथल्या तिथं अँटेनाच्या मध्यखुणेवर खडू मारा. वीस सळया असतील तर वीस वेळा. कंटाळवाणं आहे खरं, पण यात चाकाची चूक साचत नाही.

कमान का दिसते, हे नव्या पोराला समजावताना मी रस्त्यावरच्या विजेच्या खांबाचं उदाहरण देतो. लांबून खांबाचं तिरपं अंतर जास्त असतं, समोर आलात की सर्वांत कमी, पुढं गेलात की पुन्हा जास्त. अँटेना सळईला समोर यायच्या आधीपासून तिरपी बघत असते आणि पलीकडं गेल्यावरही बघत राहते. ते अंतर कागदावर मांडलं की कमान होते, आणि सळई फक्त माथ्याखाली असते. कमानीचे पाय म्हणजे सळई नव्हे. हे सांगायची वेळ येते, कारण "पन्नास मिमी जाडीची सळई दिसायलीय" असं म्हणणारा माणूसही मला भेटलाय.

खोलीचा घोळ

आडव्या चुकीपेक्षा खोलीची चूक जास्त फसवी, कारण ती लगेच उघडी पडत नाही. अहवालात कव्हर, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटची जाडी, ४८ मिमी लिहिलं, सगळे खूश. मग कुणीतरी केमिकल अँकरसाठी (भोकात रसायनानं चिकटवायचा बोल्ट) ४२ मिमीपर्यंत निर्धास्त ड्रिल करतो आणि ४० वर ठणकन सळई.

रडार खोली मोजत नाही, वेळ मोजतं. लहर गेली, सळईवर आपटली, परत आली, याला किती नॅनोसेकंद लागले एवढंच त्याला ठाऊक. हवेत ही लहर नॅनोसेकंदाला ३०० मिमी जाते. काँक्रीटमध्ये किती जाते ते काँक्रीटच्या डायइलेक्ट्रिक आकड्यावर ठरतं: ३०० ला त्या आकड्याच्या वर्गमुळानं भागायचं. कोरड्या काँक्रीटचा आकडा साधारण ५-६, ओल्याचा ९ ते १२. पाण्याचा ८० च्या आसपास आहे, म्हणून काँक्रीटमध्ये थोडीशी ओल मुरली तरी आकडा झपकन चढतो. आकडा चढला की लहर मंदावते.

समजा सळई खरोखर ४० मिमीवर आहे आणि स्लॅब ओला, वेग १०० मिमी. जाऊन-येऊन ८० मिमी, म्हणजे ०.८ नॅनोसेकंद. मशीनमध्ये मात्र कोरड्याचा आकडा राहिलाय, वेग १२०. मशीन हिशेब करतं: ०.८ × १२० ÷ २, म्हणजे ४८. दुसऱ्या थरातली सळई १०० मिमीवर असेल तर तेच मशीन १२० दाखवतं. ८ मिमीची चूक २० झाली. खोलीबरोबर वाढणारी चूक म्हणजे वेग चुकलाय.

आता उलट बाजू बघा. ४० ची सळई ४५ दाखवते आणि १०० ची १०५. चूक दोन्हीकडं ५ मिमी. इथं वेगाला हात लावू नका, शून्य तपासा. अँटेनापासून थेट येणाऱ्या पहिल्या लहरीवर पृष्ठभागाची खूण कुठं धरली यावर सगळा हिशेब उभा असतो. ती खूण ०.१ नॅनोसेकंदानं सरकली तर १०० च्या वेगाला ५ मिमीचा फरक पडतो, आणि तो सगळ्या सळयांना सारखाच. लोक नेमकं इथं चुकतात. शून्य चुकलेलं असताना वेग ओढून-ताणून वरच्या सळईला बसवतात. वरची बसते, पण खालची आणखी बिघडते.

मराठवाड्यात हा वेगाचा त्रास मोसमी आहे. मे महिन्यात गच्चीचा स्लॅब हातात घेतलेल्या खापरासारखा कोरडा ठणठणीत असतो. सप्टेंबरात त्याच स्लॅबवर तुम्ही त्याच सेटिंगनं गेलात की सगळी सळई खाली गेल्यासारखी दिसते. त्यात आपल्याकडं गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा. पाऊस उघडून आठ दिवस झाले, वरून सगळं पांढरं खडखडीत वाळलं, तरी कोब्याच्या पोटात पाणी असतं. कोब्याला एक बारीक भोक मारलं की भोकात बोट ओलं होतं. अशा गच्चीवरून खालच्या स्लॅबच्या सळईची खोली सांगायला मी जात नाही. खालून, छताकडून स्कॅन करतो. मान अवघडते, खांदे भरून येतात, पण वाचन भरवशाचं मिळतं.

वेग ठरवायच्या तीन वाटा आहेत. पहिली, जिन्याची पोकळी किंवा डक्ट गाठा. तिथं स्लॅबची जाडी टेपनं मोजता येते. जाडी १२५ मिमी निघाली आणि पलीकडच्या पृष्ठभागाचा प्रतिध्वनी २.४ नॅनोसेकंदावर दिसला, तर वेग २५० ÷ २.४, म्हणजे सुमारे १०४, आणि डायइलेक्ट्रिक सव्वाआठच्या आसपास. मात्र प्लास्टर आणि कोबा वजा करून खरी जाडी कुठली ते आधी ठरवा. वर कोबा असेल तर प्रतिध्वनी नेमका कुठल्या थराचा, यावरून घोळ होतो.

दुसरी वाट, पडद्यावरच्या कमानीवर तयार कमान बसवणं. सोपं आहे, म्हणून सगळे हेच करतात. अट एवढीच की सळई काटकोनात ओलांडलेली हवी. तिरपं गेलात की कमान पसरट होते आणि वेग जास्त निघतो. ६० अंशांत ओलांडलं तर सुमारे १५ टक्के जास्त, ४५ अंशांत ४० टक्क्यांच्या वर. जुन्या स्लॅबात सळया भिंतीला समांतर असतीलच असं नाही. आधी ओळीमागून ओळ स्कॅन करून सळईची दिशा काढा, मग काटकोनात जा आणि मग कमान बसवा. चाक चुकलेलं असेल तर हाही वेग चुकतो, हे ध्यानात ठेवा.

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते. जिथं कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात एका सळईवर छन्नीनं रुपयाएवढी जागा उघडायची आणि व्हर्नियरच्या टोकानं खोली मोजायची. मशीनमधला आकडा असा बदलायचा की त्या सळईची खोली तेवढीच दिसावी. त्या स्लॅबचा, त्या दिवसाचा आकडा मिळाला. दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर पुन्हा. पलीकडच्या खोलीत वर पाण्याची टाकी असेल तर तिथं वेगळा. एका इमारतीला एकच आकडा लावणं म्हणजे सगळ्या गावाला एकाच मापाची चप्पल.

जवळची सळई दिसेना

हा आपल्या भागातला खास त्रास, आणि मॅन्युअलमध्ये तो फारसा सापडत नाही. आयएस ४५६ : २००० या काँक्रीट कामाच्या भारतीय मानकाप्रमाणं सौम्य वातावरणातसुद्धा नाममात्र कव्हर २० मिमी हवं, स्लॅबात १२ मिमीपर्यंतची सळई असेल तर ५ मिमी सूट. प्रत्यक्षात जुन्या स्लॅबांत कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवलेले असतात. ओतताना जाळीवर माणसं नाचली की खडी निसटते आणि जाळी सेंटरिंगच्या प्लेटला टेकते. खालून स्कॅन करावं तर सळई ८-१० मिमीवर.

एवढ्या जवळची सळई थेट लहरीच्या आतच अडकते. कमानीऐवजी वरच्या पट्ट्यात नुसती जाडसर लाट दिसते, किंवा काहीच नाही. मग गडी म्हणतो, "इथं सळईच नाही." सरकारी शाळेच्या छताखाली उभं राहून असं मोठ्यानं बोलणं म्हणजे काय असतं, ते औसा तालुक्यात अनुभवलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीच्या परिसरात भूकंपानं दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदं लोकांच्या अंगावर आली. तेव्हापासून त्या पट्ट्यात स्लॅब म्हणजे नुसतं छप्पर राहिलेलं नाही. वर्गाच्या दारात उभे असलेले एक आजोबा पुढं आले आणि हळूच म्हणाले, "काय सांगायलाव साहेब? लोखंड नाही आत?" लोखंड होतं. नको तितकं जवळ होतं. कव्हर मीटर (चुंबकीय क्षेत्रानं जवळचं लोखंड हुडकणारं छोटं यंत्र) लावला, लगेच ओरडला.

तेव्हा पडद्याच्या वरच्या १५-२० मिमीत काही दिसत नसेल तर "सळई नाही" असं लिहू नका. तिथं कव्हर मीटर वापरा. जवळच्या लोखंडाला तो रडारपेक्षा सरस. तो हाताशी नसेल तर छत आणि अँटेनाच्या मध्ये २५ मिमीची थर्माकोल शीट धरून पुन्हा चालवा. सळई थेट लहरीच्या बाहेर येते आणि कमान मोकळी दिसते. मात्र ही युक्ती सळई शोधायला, खोली मोजायला नाही.

दुसरी सावधगिरी फिल्टरची. आडव्या पट्ट्या काढून टाकणारा बॅकग्राउंड फिल्टर लावला की चित्र गोजिरवाणं होतं. पण स्कॅनच्या दिशेला समांतर असलेली सळई आणि स्लॅबचा पलीकडचा पृष्ठभाग या दोन्ही आडव्या पट्ट्याच असतात; त्याही पुसून जातात. आधी कच्चं चित्र बघा, मग नटवा.

काहीच दिसेना, किंवा जास्तच दिसतं

गच्चीवर चकचकीत ॲल्युमिनियमची पन्नी चिकटवलेली डांबरी वॉटरप्रूफिंग शीट असेल तर मशीन पिशवीतून काढूच नका. पन्नी कितीही पातळ असली तरी धातू आहे. लहर वरच्या वर परत येते. मी एकदा सबंध दुपार त्या शीटवर घालवली, गेन (परत आलेल्या लहरीचा जोर) वाढवत बसलो. वर रंग दिलेला होता, पन्नी दिसत नव्हती. शेवटी कोपरा उचकटून बघितला.

ताज्या स्लॅबातही असंच होतं. पाणी मारून मारून ओला ठेवलेला स्लॅब लहर पिऊन टाकतो. जरा वाळू द्या. खारं बोअरचं पाणी वापरलं असेल तर आणखी वाईट, कारण क्षारांमुळं काँक्रीट विजेला जास्त वाहक होतं आणि लहर खोल जात नाही. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं आयएस ४५६ म्हणतं. टंचाईत टँकर कुठून भरून आला हे मात्र कुणी विचारत नाही. स्लॅबला लोणा फुटलेला दिसला आणि रडार ८० मिमीच्या खाली आंधळं झालं, तर मी आता मशीनऐवजी पाण्यावर संशय घेतो आणि क्लोराइडची चाचणी सुचवतो.

खालचा थर दिसत नसेल तर वरच्या जाळीकडं बघा. वरच्या सळया जितक्या दाट तितकी खाली सावली. तुळईजवळ वरची ताण घेणारी सळई, क्रँक होऊन (वाकवून) वर आलेली सळई, लॅपचे (सळईवर सळई चढवलेले) जोड, सगळं एकत्र येतं. दोन सळया चिकटून असतील तर रडारला ती एकच. अशा जागी दुसऱ्या बाजूनं स्कॅन करण्याला पर्याय नाही.

जास्तीची सळई दिसण्याचं कारण बहुतेक वेळा प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी असतं. ३० वर सळई, तिच्या बरोबर खाली ६० वर आणखी एक, तीही फिकट. लहर सळई आणि पृष्ठभाग यांच्यात दोनदा फिरून आली. प्रत्येक कमानीच्या नेमक्या खाली, नेमक्या दुप्पट वेळेवर असेल तर ती भुताची सळई समजा. पंख्याच्या लोखंडी बॉक्सखाली अशी भुतं रांगेनं उभी असतात.

वायरिंगचा पीव्हीसी पाइप मात्र खरा असतो आणि तो कापला की इलेक्ट्रिशियन शिव्या घालतो. त्याची कमान फिकट असते आणि रंगांचा क्रम सळईच्या उलट: सळई पांढरी-काळी-पांढरी दिसत असेल तर हवेचा पाइप काळा-पांढरा-काळा. आधी पक्क्या सळईवर क्रम बघून ठेवा, कारण रंगसंगतीच्या सेटिंगनुसार तो बदलतो. शिवाय सळईसारखा पाइप सरळ जात नाही. पंख्यापासून बोर्डाकडं तिरपा पळतो.

पडद्यावर उभे ठिपके, पावसासारखी रेघोटी? खिशातला मोबाइल दूर ठेवा. गच्चीवर मोबाइल टॉवर असेल तर खालच्या मजल्यावरून काम करा.

"किती सुताची हाय?"

प्रत्येक साइटवर हा प्रश्न येतो. तीन सूत की चार सूत, म्हणजे १० की १२ मिमी. रडार हे सांगत नाही. कमान ठळक दिसली म्हणून सळई जाड असं होत नाही. जवळची, कोरड्या काँक्रीटमधली ८ मिमीची सळई खोलवरच्या १६ मिमीपेक्षा ठळक दिसते. जालन्याच्या मिलमधून काल निघालेली टीएमटी असो की ऐंशीच्या दशकातली पिळाची टोर, की त्याआधीची साधी गोल सळई, रडारला सगळं नुसतं लोखंड.

अंदाजानं आकडा लिहायचा मोह होतो, कारण गिऱ्हाइकाला आकडा हवा असतो. ८ मिमीच्या सळईचं क्षेत्रफळ ५० चौरस मिमी, १० मिमीचं ७८. एका सुताहून कमी फरकानं तुम्ही कागदावर दीडपट लोखंड घातलंत. त्या कागदावर कुणीतरी आणखी एक मजला चढवतो. कव्हर मीटर जाडीचा अंदाज देतो, पण सळया दाट असल्या की तोही घसरतो. माझ्या अहवालात जाडीच्या रकान्यात फक्त उघडून व्हर्नियरनं मोजलेला आकडा जातो, बाकी ठिकाणी "मोजली नाही". एकदा यावरून एका ठेकेदारानं बिल अडवलं होतं. चार महिन्यांनी दिलं.

तर त्या दुसऱ्या मजल्याचं पुढं असं झालं. आम्ही ८ मिमीचं आरपार भोक मारलं, खालून वरून त्याच भोकापासून मापं घेतली. १५० मिमीवरच्या १० मिमी सळयांमध्ये मोकळी जागा १४०, कोअर १२७. दोन्ही बाजूंना जेमतेम साडेसहा मिमी. रडारची आडवी अचूकतासुद्धा साधारण एवढीच, म्हणून खालून कव्हर मीटरनं दोन्ही सळया पुन्हा पक्क्या केल्या आणि खूण ४ मिमी जिन्याकडं सरकवली. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तीन अर्धवट भोकांचे फोटो पाठवले. सळया खरचटल्या होत्या, तुटल्या नव्हत्या. त्यांनी नॉन-श्रिंक ग्राउट (वाळताना न आकसणारा मसाला) भरायला सांगितलं.

मामांनी चौथ्या जागी मशीन लावलं. शेवटची दोन बोटं राहिली तेव्हा दोघंही आवाजाकडं कान लावून होतो. सूर चढला नाही. गाभा खाली पडला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या बादलीत धप्प झालं, आणि मामा म्हणाले, "आता भिंतीवरून माप नको घेऊ, बाबा."

मला साहेब म्हणायचं त्या दिवसापासून त्यांनी सोडलंय.